अण्णांबद्दल काय लिहू? (निवृत्त इंजिनिअर, पाटबंधारे खातं, कोयना वीज प्रकल्पाचे अलोरे-पोफळीवाले असतील तर प्लीज वाचा)

कराडची_लेक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांबणारे, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, मागच्या वर्षी गेले. पाटबंधारे खात्यात सिव्हिल इंजिनिअर होते, २००३ ला रिटायर झाले आणि मग शेवटपर्यंत कराडातच. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्यावेळी घरच्यांपुरती एक छोटी पुस्तिका काढायची असं ठरलंय. खरं तर ती सहस्रचंद्रदर्शनाला काढायची होती, पण तेवढे ते थांबले नाहीत. लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय कारण 'तू मराठी घेऊन बीए केलंयस ना'. चुलतभावाने ग्रुपवर एक मसुदा टाकला होता, अत्यंत मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, शिस्तप्रिय, कुटुंबवत्सल वगैरे वगैरे. खोटं काही नाही त्यात, पण नाव बदललं की शेजारच्या काकांनाही तेच चालेल, मग लिहायचंच कशाला.

अडचण अशी आहे की अण्णा कामाबद्दल घरी बोलायचेच नाहीत. मला जे माहितीये ते एवढंच, की शिक्षण कराडच्या गव्हर्मेंट इंजिनिअरिंगला, १९६७ च्या भूकंपाला शेवटच्या वर्षाला होते आणि पहाटे सगळं हॉस्टेल चादरी गुंडाळून मैदानात येऊन बसलं होतं. मग नोकरी लागल्या लागल्या ७२ चा दुष्काळ, माण-खटाव भागात. नंतर अलोरे, नंतर उजनीच्या कालव्यावर सोलापूर जिल्ह्यात, मधे नाशिकला डिझाईनच्या ऑफिसात, आणि नव्वदच्या दशकात परत अलोरे-पोफळी. आम्ही पोरं बरीचशी वर्षं आईबरोबर कराडात आणि ते शनिवारी रात्री कुंभार्ली घाट चढून एसटीने यायचे, हातात फणस नाहीतर कोकमाची पिशवी, सोमवारी पहाटे परत.

रिटायर झाल्यावरचे अण्णा मात्र पाठ आहेत मला. रोज प्रीतिसंगमावर चक्कर, पावसाळ्यात गच्चीवर पर्जन्यमापक (घरी केलेला, बाटली कापून, पण फूटपट्टी लावून एकदम पर्फेक्ट), लाईटच्या मीटरचं रीडिंग दर एक तारखेला कॅलेंडरवर. २०१९ च्या पुरात सांगलीचे सगळे नातेवाईक टीव्ही सोडून अण्णांना फोन करत होते, कोयनेतून किती सोडलंय, आयर्विन पुलाला किती फूट होईल. ते म्हणायचे साडेअकरा हजार क्युसेक चोवीस तास सोडलं की एक टीएमसी होतं, आता तूच हिशोब कर. मावशी म्हणायची हिशोब राहू दे हो दाजी, वरच्या मजल्यावर जाऊ का नको ते सांगा. त्यांनी जायला सांगितलं आणि फ्रिज पण वर न्यायला सांगितला. पाणी पुढं सत्तावन्न फुटांच्या वर गेलं.

तर दोन प्रश्न आहेत. एक, त्या काळात अलोरे, पोफळीला किंवा दुष्काळी कामावर असलेल्या इंजिनिअरचा दिवस नेमका कसा जायचा, कुणी सांगेल का? आणि दुसरं, कपाटात एक लांबट वही सापडलीये, रकाने आहेत बी.एस., आय.एस., एफ.एस., एच.आय., आर.एल. असे, सरकारी कामाची असेल म्हणून फेकणार होते पण पहिल्याच पानावर 'उंबरठा १००.०००' असं लिहिलंय. धरणाला उंबरठा असतो का??

आणि हो, ताईचं म्हणणं असं की तिच्या दहावीच्या निकालाला, माझ्या बारशाला, आजी गेली तेव्हा, अण्णा कुठंच नव्हते, तर 'कुटुंबवत्सल' हा शब्द निदान मी तरी लिहू नये. ती रागाने नाही म्हणाली, भाजी निवडता निवडता म्हणाली, पण म्हणाली.

---

बी_टाईप_अलोरे

अगं बाई, अलोरे कॉलनी म्हणजे माझं अख्खं बालपण. माझे वडील मेकॅनिकलला होते, आम्ही ७४ पासून तिथं, तुझे अण्णा म्हणजे आमच्यापैकी कुणाचे तरी 'साहेब' असणार.

दिवस कसा जायचा ते पोराच्या नजरेतून सांगते, कामातलं मला कळत नाही. कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचं काम चालू होतं तेव्हा. पोफळीच्या वीजघरातून जे पाणी बाहेर पडतं ते कोळकेवाडी धरणात अडवायचं आणि परत खाली सोडून त्याच पाण्यावर पुन्हा वीज काढायची, असं आम्हाला शाळेत सर सांगायचे आणि मग म्हणायचे बघा तुमचे वडील एकच पाणी दोनदा वापरतात आणि तुम्ही एक वही वर्षभर पुरवत नाही.

शिफ्ट तीन असायच्या. वडील रात्रपाळी करून आले की अंगाला बारुदाचा आणि ओल्या दगडाचा असा एक वास असायचा, गमबूट दाराबाहेर काढायला लागायचे, आणि दिवसा झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही म्हणून सगळी पोरं दुसऱ्या लाईनीत जाऊन खेळायची. ब्लास्टिंगच्या आधी भोंगा व्हायचा. त्यामुळे भांडी वाजली आणि आधी भोंगा झाला असेल तर ब्लास्ट, भोंगा नसेल तर भूकंप, एवढं आम्हाला बालवाडीपासून कळायचं :) छोटे धक्के तर येतच राहायचे तिकडे, पाहुणे घाबरायचे, आम्ही नाही.

पाऊस विचारू नकोस. चपलांना बुरशी, कणकेला बुरशी, दप्तराला बुरशी, कपडे चुलीवर वाळवायचे आणि मग शाळेत सगळ्यांच्या शर्टाला धुराचा वास. बाजाराला चिपळूण. ज्यांची फॅमिली घाटावर होती ते साहेब लोक मेसवर जेवायचे आणि शनिवारी दुपारपासून त्यांचं लक्ष घड्याळाकडे. आई त्यांच्यातल्या दोघातिघांना सणाला जेवायला बोलवायची. एक जण पुरणपोळी खाताना एकदम गप्प झाले होते आणि आईने विचारलं तर म्हणाले आज धाकटीचं बारसं आहे, उद्या फेसवर (बोगद्याच्या टोकाला) काँक्रीट आहे म्हणून सुटलो नाही. आता ते तुझे अण्णा होते का कोण ते मला नाही सांगता येणार, उगाच जोडू नकोस, अशी माणसं तिथं पुष्कळ होती. पण ताईला हे वाचायला दे.

---

लेव्हल_आणि_स्टाफ

ताई, मी त्याच खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त, तुमच्या वडिलांना बारा-पंधरा वर्षांनी ज्युनिअर असेन. ओळख नव्हती.

आधी वहीचं सांगतो कारण तो विषय सोपा आहे. ते लेव्हल बुक आहे. तिपाईवर दुर्बीण बसवतात (आमच्या काळी डंपी लेव्हल) आणि समोर माणूस आकडे लिहिलेली उंच पट्टी घेऊन उभा राहतो, तिला स्टाफ म्हणतात. ज्या जागेची उंची ठरलेली आहे तिच्यावरचं पहिलं रीडिंग म्हणजे बी.एस., बॅकसाईट. ते उंचीत मिळवलं की दुर्बिणीची उंची, एच.आय. मग पुढे ज्या ज्या ठिकाणी पट्टी धराल ते रीडिंग (मधली आय.एस., शेवटचं एफ.एस.) एच.आय. मधून वजा करायचं, की त्या जागेची उंची, आर.एल. जवळपास सरकारी बेंचमार्क नसेल तर एखादी पक्की न हलणारी जागा घेऊन तिला १०० धरायचं. तर तुमच्या अण्णांनी घराचाच उंबरठा १०० मीटर धरलाय, धरणाचा नाही! पुढची पानं टाका इथं, सांगतो काय मोजलंय ते.

आता कामाचं. ७२ च्या दुष्काळाबद्दल सध्याच्या पोरांना पटत नाही. नुकतं कॉलेजातून बाहेर पडलेलं तेवीस-पंचवीस वर्षांचं पोरगं, आणि त्याच्या हाताखाली पाझर तलावाच्या नाहीतर रस्त्याच्या कामावर दोन-दोन हजार मजूर, त्यात निम्म्या बायका, झोळीत पोरं. मजुरी मोजमापावर. खड्डा खणताना मधे मातीचा एक खांब तसाच ठेवायचा, त्याला डेडमॅन म्हणतात, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते कळतं आणि माप घेता येतं. ते माप तुम्ही किती घेता त्यावर त्या टोळीच्या घरात आठवड्याला किती ज्वारी येणार ते ठरायचं. टेप थोडा सैल धरला तर सरकारचं नुकसान, ताणला तर समोर उभ्या असलेल्या बाईच्या पोटावर. आणि माप एम.बी. मधे, म्हणजे मोजमाप पुस्तकात लिहायचं, पानांना छापील नंबर, पान फाडायचं नाही, रबर चालत नाही, चुकलं तर आडवी रेघ मारून वर नवा आकडा आणि बाजूला सही. एम.बी. हरवली तर नोकरीचे वांधे, म्हणून लोक ती उशाला घेऊन झोपायचे, हे मी स्वतः पाहिलंय. कामावर सुकडी (पौष्टिक खाऊ) वाटायचे, मजुरांची पोरं ती ओंजळीत घेऊन खायची. त्या कामावरून आलेला माणूस घरी त्याबद्दल काय बोलणार सांगा. माझे वरिष्ठ होते त्यातले, एक अक्षर बोलायचे नाहीत, फक्त डब्यातलं काही टाकू द्यायचे नाहीत.

आणि नव्वदच्या दशकात पोफळी म्हणजे चौथा टप्पाच. डोंगराच्या पोटात वीजघर, २५० मेगावॅटची चार यंत्रं, म्हणजे हजार मेगावॅट, आधीच्या तिन्ही टप्प्यांपेक्षा मोठं. त्यासाठी शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, पाणी घ्यायचं, पण धरण रिकामं करता येत नाही. मग लेक टॅपिंग. नॉर्वेवाल्यांचं तंत्र. पाण्याखालून बोगदा खणत तळाजवळ यायचं, शेवटी काही मीटर खडक बुचासारखा शिल्लक ठेवायचा आणि तो एकाच स्फोटात उडवायचा. दगड बोगद्यात घुसू नये म्हणून आधीच खाली मोठा खड्डा करून ठेवायचा, त्यात तो पडतो. १३ मार्च १९९९. आशियातलं पहिलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. बूच राहिलेला असताना त्याच्या खाली उभं राहून जे लोक ड्रिलिंग करून घेत होते, डोक्यावर अख्खं शिवसागर आणि खडकाच्या फटीतून पाणी झिरपतंय, ते ग्राऊटिंग करून (फटीत सिमेंट दाबून भरून) थांबवायचं आणि पुढं सरकायचं, ती माणसं तुम्ही पाहिली पाहिजे होती. गप्पिष्ट नव्हती कुणी. तुमचे अण्णा ९९ ला नेमके कुठल्या विभागात होते ते सर्व्हिस बुकमधे मिळेल, पेन्शनच्या फाईलीत झेरॉक्स असते बहुतेक लोकांची. ते बघितल्याशिवाय त्यांना बोगद्यात उभे करू नका, कदाचित ते ऑफिसात एस्टिमेट करत बसले असतील, तेही काम कमी नसतं.

---

कराडची_लेक

काका खूप खूप आभार. 'डब्यातलं टाकू द्यायचे नाहीत' वाचून मी पाच मिनिटं नुसती बसून होते, कारण आमच्या घरी ताटात शीत राहिलं तरी अण्णा काही न बोलता नुसते ताटाकडे बघायचे, आम्हाला वाटायचं कंजूषपणा.

वहीचं पहिलं पान असं आहे: उंबरठा बी.एस. १.२४५, एच.आय. १०१.२४५. मग 'जुना रस्ता १.८७०, ९९.३७५'. त्याच्या खाली वेगळ्या शाईने आणि वेगळ्या तारखेला, पुन्हा उंबरठ्यापासून मोजून, 'नवा रस्ता १००.१६५' आणि त्याला लाल पेनने दोनदा गोल केलाय. बाकी पानांवर गल्लीतल्या सगळ्या घरांची नावं आणि आकडे.

---

लेव्हल_आणि_स्टाफ

वा! मग झालं की. आधी रस्ता तुमच्या उंबरठ्याच्या साडेबासष्ट सेंटिमीटर खाली होता. मग डांबरावर डांबर, वर काँक्रीट, आणि रस्ता उंबरठ्याच्या साडेसोळा सेंटिमीटर वर गेला. म्हणजे मोठा पाऊस झाला की गल्लीतलं पाणी सरळ घरात. अण्णांनी सगळ्या गल्लीच्या लेव्हल घेतल्यात म्हणजे कुणाच्या घरात किती येणार ते काढत होते. यासोबत कुठंतरी अर्जाची प्रत असणार बघा, असा माणूस लेव्हल घेऊन गप्प बसत नाही. दुर्बीण कुणाची आणली होती देव जाणे, भाड्याने मिळते म्हणा.

---

शिवसागर_पल्याड

मधेच बोलतो, राग मानू नका.

आमचं गाव कोयनेच्या पाण्याखाली हाय. आजोबा उठले तवा वडील सहा वर्षांचे होते, घराची लाकडं बैलगाडीवर घालून निघाले. आमच्यातले कुणी सोलापूरकडं गेले, कुणी सांगलीकडं, कुणी पार ठाणे-रायगडला. ज्यांना घाटमाथ्याचा पाऊस माहीत त्यांना माळावर आणून टाकलं. जमिनीचे कागद अजून पुरते झाले नाहीत आमच्यातल्या कितीकांचे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काही गावांच्या देवळांचे चौथरे उघडे पडतात, तवा लोक नैवेद्य घेऊन जातात तिथं.

तुमच्या अण्णांनी आमाला उठवलं असं मी म्हणत नाही, ते तवा शाळेत असतील. पण वरच्या पोस्टीत हजार मेगावॅट, आशियात पहिलं, हे समदं वाचताना आमच्या घरात काय वाटतं ते पण कुणीतरी लिहावं म्हणून लिहिलं. माझे वडील मात्र इंजिनिअर लोकांबद्दल वाईट बोलत नसत. म्हणायचे मोजणीला आलेला एक ओव्हरसियर आजीच्या हातची भाकरी खाल्ल्यावर माघारी जाताना ओट्यावर डोकं टेकवून गेला. एवढंच.

---

कराडची_लेक

दादा, राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. अण्णा शिवसागरावर लाँचमधून फिरायला कधीच आले नाहीत आमच्याबरोबर, पाहुणे आले की आम्हाला पाठवायचे आणि स्वतः कोयनानगरला चहाच्या टपरीवर बसायचे. कारण विचारलं नाही कधी. आता उगाच त्याचा अर्थ लावत नाही, पण तुमची परवानगी असेल तर पुस्तिकेत धरणाखाली गेलेल्या गावांचा उल्लेख करते.

---

शिवसागर_पल्याड

करा की. परवानगी कसली त्याला.

---

तिखटजाळ_काकू

मी इंजिनिअर नाही, इंजिनिअरची बायको आहे (वीज मंडळ, ३४ वर्षं). सगळे बोगद्यात शिरलेत म्हणून जरा घरात आणते.

ताई म्हणते अण्णा नव्हते, तर लिहा ना नव्हते म्हणून. वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेत सगळं तूपच कशाला हवं. पण ते नव्हते तेव्हा कोण होतं ते पण लिहा. गॅसचा नंबर, शाळेची फी, सासूचं दुखणं, पोराचा गालगुंड, बदलीची ऑर्डर आली की तीच भांडी त्याच गोणपाटात पुन्हा बांधायची, हे कुठल्या मोजमाप पुस्तकात येत नाही. तुझी आई आहे ना अजून? मग आधी तिला विचार. आणि 'अण्णा कसे होते' असं विचारू नकोस, त्याला त्या 'चांगले होते' म्हणून मोकळ्या होतात. विचार की पगार कसा पाठवायचे, मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असायची त्यात काय लिहायचे. आमच्या ह्यांनी एकदा त्या जागेत 'ट्रान्सफॉर्मर जळाला, येत नाही' एवढंच लिहिलं होतं, मी तो तुकडा अजून ठेवलाय, भांडण झालं की काढते.

आणि कुटुंबवत्सल हा शब्द काढाच, भाऊ काय म्हणायचं ते म्हणू दे.

---

बी_टाईप_अलोरे

काकू +१. माझ्या आईला विचारलं आत्ताच फोन करून, ती म्हणते मेसवरच्या साहेब लोकांच्या शर्टाची बटणं कॉलनीतल्या बायकाच लावून द्यायच्या, त्या बदल्यात ते आम्हाला गणित शिकवायचे. खरंय, मला त्रिकोणमिती एका साहेबांनी क्वार्टरच्या मागच्या डोंगराची उंची काढायला लावून शिकवली, कंपासपेटीतला कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेला दगड घेऊन.

---

कराडची_लेक

आईशी बोलले. दोन तास बोलत होती, मधे दोनदा चहा. मनीऑर्डरचे तुकडे नाहीत पण तिला पाठ आहेत. 'पाऊस फार. बरा आहे. धाकटीला स्वेटर.' हे एक. 'शनिवारी सुटतो असं वाटतं.' हे बऱ्याच वेळा, आणि त्यातले किती शनिवार सुटले नाहीत ते पण तिला पाठ आहे.

अर्जाची प्रत पण सापडली काका, तुम्ही म्हणालात तशीच, सोबत गल्लीतल्या प्रत्येक घराचा तक्ता जोडलेला. पुढं काय झालं ते आई म्हणाली, काही झालं नाही, दोन पावसाळे वाट बघितली आणि मग अण्णांनी स्वतः गवंडी आणून आमच्या आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायकांच्या दारात विटांचा बंधारा घालून घेतला. आम्ही सगळे येताजाता त्याला ठेचकाळून त्यांना शिव्या घालायचो.

सर्व्हिस बुकची झेरॉक्स मिळाली. ९९ ला ते चौथ्या टप्प्यावरच होते पण गुणनियंत्रण उपविभागात, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून तपासणारे ना? बोगद्यात उभं करत नाही त्यांना. सुरुवात अशी केलीये, बघा कशी वाटते:

'आमचे अण्णा १९४५ साली जन्मले. कोयना धरण बांधणाऱ्या पिढीतले ते एक इंजिनिअर. घरी ते आठवड्यातून एक दिवस असत आणि तो दिवस बहुतेक झोपून काढत. बाकीचे सहा दिवस घर आईने चालवलं. त्यांनी कधी काय केलं ते आम्हाला विचारू नका, त्यांनी काय काय मोजलं ते सांगता येईल.' आणि मग पर्जन्यमापकापासून मागं मागं जात दुष्काळापर्यंत.

ताईला वाचून दाखवलं, ती म्हणाली 'झोपून काढत' राहू दे.

---

लेव्हल_आणि_स्टाफ

छान आहे पण दुसरं वाक्य बदला. धरणाची भिंत साठीच्या दशकाच्या सुरुवातीलाच उभी राहिली, तुमचे अण्णा तेव्हा फार तर कॉलेजात. भूकंपाने तिला तडे गेले आणि नंतर मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ती बळकट केली, त्या कामावरही ते नव्हते सर्व्हिस बुकप्रमाणे. त्यांचा तिसरा टप्पा आणि चौथा टप्पा. 'कोयना प्रकल्पाच्या तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर काम केलं' असं लिहा. गुणनियंत्रणातला माणूस आहे, चुकीचा आकडा खपवून घेतला नसता त्यांनी.

आणि हो, ठोकळेच. ओतल्यावर सात दिवसांनी आणि अठ्ठावीस दिवसांनी दाबून बघायचे. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळा नापास झाला तर ओतलेलं काँक्रीट काढा म्हणून सांगायची वेळ त्यांच्यावर येते, त्यामुळे साईटवर त्यांच्याशी चहा प्यायला फारसं कुणी जात नाही. ते एक वाक्य टाकता आलं तर टाका.